पाळीवरची टिटवी

फुलाबाई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला मला धीर होतोय. तू असतीस आणि कुणी हे तुला वाचून दाखवायला बसलं असतं, तर दुसऱ्या ओळीलाच तू टोपली उचलून म्हणाली असतीस, "बस झालं व, मच्छी सडून राह्यली."

माझी शाळा सहावीत सुटली. माहेरी पत्रं लिहिण्यापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि या एकोणीस दिवसांत मी एवढं मनातल्या मनात तुझ्याशी बोललेय की आता ते कुठेतरी उतरवल्याशिवाय मला स्वयंपाकात लक्ष लागत नाही. काल भाजीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी मुकाट्याने खाल्लं.

निरोप इथे, चिमूरला, आला तो एसटीडीवाल्याकडे. त्याने दारात येऊन सांगितलं, "धानोऱ्याकडून फोन होता. फुलाबाई नावाच्या कोणी वारल्या म्हणे. तुमच्या नात्यातल्या का?" मी हो म्हणाले. कुठल्या नात्यातली ते त्याने विचारलं नाही, ते बरं झालं. मला सांगता आलं नसतं.

तुला पहिल्या दिवशी मी 'तुम्ही' म्हणाले होते, आठवतं? तू मागच्या दाराशी मासळीची टोपली उतरवून बसली होतीस आणि मी दाराची फट फक्त चार बोटं उघडली होती. "तुम्ही कोण?" मी आतूनच विचारलं. तू म्हणालीस, "तुमी-आमी काय करते व? मी का साहेबीन आहो? फुला म्हणते मले. ढिवराची फुला." मग फटीतून आत बघत म्हणालीस, "पूरं दार उघड. तुले खाऊन नाई टाकत मी."

मी उघडलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरचे पंधरा दिवसही नाही.

मी साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. आमच्याकडे डोळे जातील तिथवर उघडा माळ. माणूस दोन मैलांवरून येताना दिसतो, तो शेजारचा आहे की पाहुणा तेही चालीवरून कळतं. ह्यांना वनरक्षकाची नोकरी लागली ती थेट तुमच्याकडे, आणि मी एका पेटीनिशी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अशा घरात येऊन पडले जिथे अंगणाच्या कुंपणानंतर वीस पावलांवर पुढचं काही दिसतच नव्हतं. नुसती झाडं. हे दोन-दोन, तीन-तीन दिवस जंगलात फिरतीवर. मी कडी लावायची, मग लागली का बघायची, मग परत बघायची. आणि रोज संध्याकाळी तलावाकडून टिटवी ओरडत घरावरून जायची. आमच्याकडे टिटवी घरावरून ओरडत गेली की बायका तोंडाला पदर लावतात. मी ह्यांच्या काळजीने अर्धी व्हायची.

पंधरा दिवसांनी तू दाराबाहेरूनच विचारलंस, "काऊन व, आजारी हाय का? आवाज असा काऊन येऊन राह्यला?" मी रडतच टिटवीचं सांगितलं. तू एवढ्या मोठ्याने हसलीस की मला राग आला आणि त्या रागात मी दार उघडलं. तू म्हणालीस, "अवं, तिच्या घराजवळून कुत्रं नाईतं मानूस गेलं का ते बोंबलते. तुह्या घरात कोणी घुसलं तं तू का गाणं म्हणशीन?"

माझ्या भीतीवर इतकं साधं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

घरामागे तुकडाभर जागा होती. तिकडे तिला सांदवाडी म्हणतात. मी तिथे वांगी, चवळी, एक दोडक्याचा वेल लावला, तो तुझ्याच बियांचा. कोपऱ्यात बांबूचं बेट होतं आणि एक जुनं सीताफळ. त्या सांदवाडीत बसून तू मला पाखरं दाखवलीस. शिकवलीस म्हणत नाही, तुला शिकवणं माहीत नव्हतं. मासळी संपली की रिकामी टोपली उपडी टाकून तिच्यावर बसायचीस, तंबाखू मळायचीस आणि हनुवटीने दाखवायचीस. बोट कधी दाखवायची नाहीस. "बोट दाखवलं का पाखराले वाटते, मले बोलावून राह्यले का मारून राह्यले. हनवटीचं त्याले समजत नाई."

पाखरांची पुस्तकातली नावं तुला नको होती. तुझी नावं गावावरून असायची. बांधावरून शेपटी वरखाली करत टुणटुण चालणारा धोबी, त्याला तू पटवारी म्हणायचीस, कारण तो दर दोन पावलांवर थांबून जमीन मोजतो. सातभाईंचा थवा म्हणजे मांडवातल्या वरमाया. वाळक्या पानांखाली काहीतरी सरसरलं आणि माझा जीव साप म्हणून उडाला, तर तो निघाला नवरंग, पोटाशी लालबुंद, अंगावर एवढे रंग की कुणीतरी उरलेसुरले सगळे त्यालाच देऊन टाकलेत. त्याला तू 'आंधळ्याचं लुगडं' म्हणायचीस. का, ते मी विचारलं तर म्हणालीस, "आंधळा बाजारात लुगडं घ्याले गेला, तं कोणता रंग घे म्हणून त्याले समजन का? सारेच घेऊन आला."

मी घाबरले की तू एकच उपाय सांगायचीस. "जीव घाबरला का बाहेर ये अन् पाखरं मोज. घरात बसून घडीचे काटे नको मोजू." मी तसंच करायची. ह्यांची यायची वेळ टळली की सांदवाडीत उभी राहायची. एक कोतवाल तारेवर. दोन बुलबुल सीताफळावर. बांबूत शिंपी, दिसत नाही पण बोलतोय. अकरा, बारा, तेरा. तेवढ्यात ह्यांच्या सायकलची घंटा वाजायची. एकदा मोजता मोजता चाळीसवर गेले आणि घंटा वाजली तरी मला ऐकूच आली नाही. हे मागे येऊन उभे होते. "कुणाला मोजतेस?" म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे राहता येईल.

आपलं एक भांडण मात्र राहूनच गेलं. बांबूत ते लांब शेपटीचं पाखरू यायचं, डोकं काळं, अंग पांढरंशुभ्र, मागे दोन फिती लोंबतात ते. तू त्याला नवरदेव म्हणायचीस. आणि तसंच एक तांबडं यायचं, तशीच लांब शेपटी. मी म्हणायची, ही दोन वेगळी पाखरं आहेत. तू म्हणायचीस, एकच. "जवानीत तांबडं, मंग पांढरं. मी नाई झाली का पांढरी?" आणि डोक्यावरचा पदर मागे सारून केस दाखवायचीस. मी म्हणायची, पाखरं म्हातारी झाली की पांढरी होत नाहीत, कावळा बघ. तू म्हणायचीस, कावळ्याले काय, तो जन्मापासून म्हाताराच हाय. तीन उन्हाळे हे चाललं. आता अलीकडे इथल्या, चिमूरच्या, एका साहेबांनी सांगितलं, नर तरणा असतो तेव्हा तांबडा, मग पांढरा होतो. म्हणजे तुझंच खरं. मी ठरवलं होतं, पुढच्या वेळी येईन तेव्हा हे तुला सांगेन आणि तू किती वेळ मिरवशील ते बघेन. ती पुढची वेळ राहिली.

पण मला लिहायचंय ते हे नाही. ते टिटवीचं आहे.

आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात माझं पोट रिकामं झालं. तू गडचिरोलीपर्यंत माझ्यासोबत एसटीने आलीस, आणि परत आल्यावर महिनाभर रोज, मासळी असो नसो, मागच्या दाराशी येऊन बसलीस. त्याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. फक्त बसायचीस आणि हनुवटीने काय काय दाखवायचीस.

त्यानंतरचा तो उन्हाळा. तलाव आटून अर्ध्यावर आला होता. आटलेल्या तळात, भेगाळलेल्या चिखलात, टिटवीने चार अंडी घातली होती. मला ती दिसली तेव्हा मी दोनदा त्यांच्यावरून नुसतीच गेले होते. मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके, टोकं आत वळवून ठेवलेली, भोवती बारीक खडे. तू लेकीच्या गावाला, मूलला, लग्नाला गेली होतीस, आठ दिवस. रविवारी संध्याकाळी हे म्हणाले, "उद्यापासून तलावाच्या त्या कोपऱ्यात गाळ काढायचं काम निघतंय. ट्रॅक्टर येणारेत."

त्याच कोपऱ्यात.

सोमवारी उजाडताच मी ह्यांच्या वनखात्याच्या नर्सरीतलं खुरपं घेऊन निघाले. नऊ-दहा पावलांवर एक लहानसा खळगा केला, खडे वेचून भोवती मांडले, आणि चारही अंडी पदरात घेऊन तिथे ठेवली. टिटव्या माझ्या डोक्यावरून झेपा टाकत होत्या, ओरडून ओरडून त्यांनी सगळं रान उठवलं. मी लांब जाऊन बसले. घटकाभराने एक आली, रिकाम्या जागेभोवती फिरली, मग इकडे वळली, आणि बसली. मला इतका आनंद झाला, बाई, की मी तिथेच हात जोडले. मग दुपारी परत आठ-दहा पावलं. दुसऱ्या दिवशी परत. मी तिला तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, उतारावर ठेवून थांबणार होते, पण तिथून बकऱ्या जातात. म्हणून आणखी वर, पाळीच्या माथ्यावर, पळसाच्या खुंटाजवळ, जिथे कुणी फिरकत नाही. दोन दिवसांत पाच वेळा मी तिचं घर हलवलं. ती शेवटच्या जागीही बसली.

मला ठाऊक नव्हतं की त्या गावात लोक टिटवीकडे बघून काय ठरवतात. आमच्याकडे तिला फक्त भितात.

तू मूलहून आलीस त्याच संध्याकाळी मी वाटी घेऊन तुझ्याकडे आले होते. तुझ्या ओट्यावर चारपाच जण बसले होते. त्यांतले एक शेतकरी, महादूभाऊ, यांनी विचारलं, "फुलाबाई, तलावाकून आली न? टिटवी कुठी बसली यंदा?" दरवर्षी हे तुलाच विचारायचे, तलावाशी तुझ्याएवढं कुणाचं नातं नाही म्हणून. तू तंबाखू तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "पारीवर. बिलकुल माथ्यावर, पयसाच्या खुटापाशी." पाळीला तू पार म्हणायचीस. टिटवी जेवढ्या उंचावर अंडी घालेल तेवढा पाऊस जास्त, असा तिथला हिशोब. महादूभाऊ म्हणाले, "मंग तं पाणी लय हाय." तू म्हणालीस, "यंदा बांधात मावत नाई. पऱ्हे वरतच्या बांधीत टाका. खाली टाकसान तं वाहून जाईन."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, बांधी म्हणजे बांध घातलेलं भातखाचर. रोपं बुडाली किंवा वाळली तर रोवणीला हातात काही राहत नाही, एवढं मला तोवर कळत होतं.

मी म्हणाले, "बाई, ती टिटवी..."

"का व?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गार्डाची बायको. लांबून आलेली. जिला त्यांच्या गावातली एकच बाई ओळखते, आणि तिचाच शब्द मी सगळ्यांसमोर खोटा पाडणार.

"काही नाही," मी म्हणाले. वाटी तशीच घेऊन घरी आले.

ते 'काही नाही' मला किती वर्षं पुरलं हे तुला सांगायचं होतं.

पुढचं तुला माहीतच आहे. तुझ्या लेकाने, रघूने, पऱ्हे वरच्या बांधीत टाकले. महादूभाऊंनीही, आणि आणखी तीन घरांनी. मृगात एकदा बरा पाऊस झाला आणि मग आभाळ जे कोरडं पडलं ते आषाढ सरत आला तरी. खालच्या बांध्यांत तलावाचा ओलावा होता, तिथले पऱ्हे तगले. वरचे पिवळे पडले, मग भाजल्यासारखे झाले. रघूला दुसऱ्यांच्या दारी पऱ्हे मागत फिरावं लागलं आणि तरी त्याची निम्मी जमीन पडीक राहिली. मी रोज पाण्याला जाता-येता तुमची ती वरची बांधी बघायची. पाखरं मोजून जीव शांत होण्याचे दिवस संपले.

आणि बोरिंगवर तुझी थट्टा सुरू झाली. मी हंडा घेऊन मागे उभी, आणि महादूभाऊ जाता जाता म्हणायचे, "फुलाबाई, तुह्या टिटवीले म्हणावं, आमाले पऱ्हे उसने दे." दुसरं कुणी म्हणायचं, "ते टिटवी पाळणा बांधून राह्यली होती, पाणी पाहून नाई." तू बोरिंगचा दांडा दाबत म्हणायचीस, "माही नजर चुकली, बापा. म्हातारी झाली मी." असं म्हणताना तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हा मला ते बरं वाटलं.

त्याच दिवसांत एका सकाळी माझं खुरपं सांदवाडीच्या कुंपणात खोचलेलं दिसलं. हिरवा रंग दिलेला दांडा, त्यावर नर्सरीचा नंबर. मी ते त्या मंगळवारी पाळीवर विसरले होते, आणि परत जाऊन आणायचीही मला भीती वाटली होती. कुणी आणून ठेवलं? तू? रघूने? पाऊस पडला की पाळीवर गुरं जातात, एखाद्या गुराख्याने? मी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर सांगावं लागलं असतं की ते तिथे कसं गेलं. तू आलीस, उपड्या टोपलीवर बसलीस, ते खुरपं तुझ्या समोर होतं, आणि तू सातभाईंकडे हनुवटी केलीस. "पाय व, वरमाया आल्या."

पुढच्या उन्हाळ्यात तू मला मुद्दाम तलावावर नेलंस. टिटवी बसली होती, कुठे ते आता आठवत नाही. दहा हातांवर थांबून तू मला म्हणालीस, "हात मांगं बांध." मी बांधले. "दोनी." मी दोन्ही बांधले. तूही तुझे बांधलेस. आपण तशाच उभ्या राहिलो, देवळात उभं राहावं तशा, आणि तू म्हणालीस, "आता पाय. पाहाचं फक्त." मला वाटलं, पाखराला हाताची भीती वाटते म्हणून. त्यानंतर कुठलंही घरटं बघायचं तर आपली तीच पद्धत झाली. आणि त्या वर्षी लोकांनी विचारलं, टिटवी कुठी बसली, तर तू म्हणालीस, "नाई पाह्यली मी." माझ्या शेजारी उभं राहून पाहिली होतीस, आणि म्हणालीस नाही पाह्यली. तू परत कधीच पाऊस सांगितला नाहीस. मला वाटत राहिलं की ते मी मारलं तुझ्यातलं.

मग आमची चिमूरला बदली झाली. जायच्या दिवशी मी सांगणारच होते. सामान ट्रकात भरून झालं होतं, तू दोडक्याच्या बिया पुडीत बांधून आणल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि तू म्हणालीस, "जाय आता. रडशीन तं ट्रकवाला हासन." मी वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा येत राहिले. दर वेळी एसटीत वाक्य तयार करायची. दर वेळी तुझ्यासमोर ते विरघळायचं. तू थकत गेलीस. तुला आता सांगून काय करायचं, असं मी मला समजावायला लागले. माझ्या मुलीला घेऊन आले तेव्हा तू तिलाही हात मागे बांधायला लावलेस. ती चार वर्षांची होती, तिला वाटलं खेळ आहे.

तुझ्या तेरवीला मी आले, बाई. मनाशी पक्कं करून आले होते. तुला सांगता आलं नाही, निदान ज्यांच्यासमोर तुझा शब्द गेला त्यांच्यासमोर तो परत ठेवायचा. ह्यांना एसटीत सांगितलं. इतकी वर्षं ह्यांनाही सांगितलं नव्हतं. हे म्हणाले, "बोल. मी आहे."

जेवणं झाली. मांडवात माणसं पांगून बसली होती. तुझी सून शेवंता पत्रावळी उचलत होती. महादूभाऊ खांबाला टेकून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. त्यांचेही आता दात गेलेत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मला एक सांगायचंय. मांडवातले सगळेच माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. गाळाचं काम, चार अंडी, पाच वेळा हलवली ते. म्हणाले, "फुलाबाईची नजर चुकली नव्हती. टिटवीही चुकली नव्हती. मी चुकले, आणि गप्प बसले."

महादूभाऊंनी खर्रा गालात धरला, बाहेर जाऊन थुंकून आले, आणि पहिल्या जागी बसले.

"बाई," ते म्हणाले, "ते खुरपं मलेच भेटलं होतं. हिरव्या दांड्याचं."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"पऱ्हे वायले तवा मी पारीवर गेलो. म्हटलं, पाहू तं खरं, टिटवीनं काऊन धोका देला. तं तिथी खळगा, खुरप्यानं कापल्यावाणी साफ. खडे सारे खालचे, तलावाच्या तयाचे. अन् बाजूले तुहं खुरपं. गार्डाच्या घराबिगर असं कोणाकडं हाय? मी तणतणत फुलाबाईच्या घरी गेलो. म्हटलं, हे पाय, तुह्या त्या सातारवालीचं काम. आता चाल तिच्या घरी."

"मग?"

"मंग काय! तिनं खुरपं माह्या हातातून हिसकून घेतलं. म्हणे, कोणी एक शब्द बोलाचा नाई. म्हणे, तिचं इथी कोण हाय? तुमी बोलसान तं ते दार लावून बसन. ते दार उघडाले मले किती दिवस लागले, तुमाले मालूम हाय का?"

शेवंता पत्रावळी खाली ठेवून उभी राहिली होती. ती म्हणाली, "आमाले सगळ्याइलेच सांगतलं होतं बुढीनं. शपथ घातली होती."

"पण तुम्ही तर तिला हसत होतात," मी म्हणाले. "बोरिंगवर. माझ्यासमोर. त्यानंतरही."

महादूभाऊ आता खरोखरच हसले, त्या बिनदातांच्या तोंडाने. "ते तिनंच सांगतलं होतं न. मी म्हटलं, आता आमी तुले हासत नाई, फुलाबाई, तुही काही चुकी नाई. तं म्हणे, येडा का रे तू? एकदम हासणं बंद केलं तं पोरगी समजून जाईन का तुमाले मालूम पडलं. हासून राह्यले तसेच हासा." त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं. "तवापासून आमी अर्धे पऱ्हे वर टाकतो, अर्धे खाली. टिटवीच्या भरवशावर कोणी नाई राहात. तुह्यामुयं आमाले अक्कल तं आली, बाई."

माणसं हसली. मीही हसले असेन. शेवंताने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, तो मी एका दमात रिकामा केला.

म्हणजे एवढी वर्षं मी ज्या गावात मान खाली घालून येत होते, त्या गावाने मला सांभाळलं होतं, आणि मला त्याची चाहूलही लागू दिली नव्हती. तू स्वतःचा शब्द माझ्यावर पांघरलास आणि वर म्हणालीस, म्हातारी झाली मी. कुंपणात खुरपं खोचलंस आणि सातभाई दाखवलेस. मला अजून कळत नाही, फुलाबाई, यावर रडायचं की तुझ्याशी भांडायचं. एकदा तरी बोलली असतीस! पण तू बोलली असतीस तर मी दार लावून घेतलं असतं. तुझं बरोबर होतं. पांढऱ्या पाखराचंही तुझंच बरोबर होतं, हे महादूभाऊंना सांगून आलेय.

तू पाऊस सांगणं का सोडलंस, तेही मी विचारलं. महादूभाऊ म्हणाले, "म्हणे, टिटवीच्या कामात मानसाचा हात गेला. आता तिले विचारणं बरोबर नाई, तिले तिचं करू द्या." तुझ्यातलं काही मेलं नव्हतं तर. तू टिटवीला मोकळं केलं होतंस.

निघताना महादूभाऊ म्हणाले, "बाई, तलावात टिटवी बसली हाय म्हणते पोरं. आमी काही आयकत नाई आता तिचं. पण पाहून ये. बुढी असती तं गेली असती."

मी एकटीच गेले. ऊन उतरायला लागलं होतं, तलाव आटून अर्ध्यावर. एक पटवारी पाण्याच्या कडेने जमीन मोजत चालला होता. मी टिटवीच्या जवळ पोचायच्या आत ती उठली, डोक्यावरून दोन चकरा मारल्या, मला वाट्टेल ते बोलली. मी थांबले. अंडी दिसली, चारच होती. ट्रॅक्टर येणार होता का, बकऱ्या तिथून जातात का, मी बघितलं नाही. घटकाभराने ती उतरली, दोन पावलं चालली, थांबली, मग पिसं फुलवून बसली.

ती कुठे बसली होती ते मी इथे लिहीत नाही. परत आल्यावर महादूभाऊंनी विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही. "नाई पाह्यली मी," म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि शेवंताला चहा ठेवायला सांगितलं.

पण पाहिली होती, बाई. दहा हातांवर उभं राहून, तिचा राग उतरेपर्यंत पाहिली. हात मागे बांधून. दोन्ही.